गठाणीआधीचा हिशेब

वेचणीला निघालेल्या बाईच्या कमरेला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला असतो, त्याची पुढं ओटी केलेली. दोन तासांच्या मधून ती वाकून चालते आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या पऱ्हाट्यांवर एकाच वेळी फिरत असतात. उमललेल्या बोंडाची कवचं सुकून काट्यासारखी टोकदार होतात. चार पाकळ्यांमधला कापूस एका झटक्यात आणि पालापाचोळा न लागू देता ओढायचा, तर नखांच्या कडांना चरे पडणारच. दिवस मावळतीला लागला की ओट्या मोठ्या गाठोड्यात रिकाम्या होतात, बांधावर काटा लावला जातो आणि कास्तकाराच्या घरातला कुणी तरी, बहुतेक वेळा शाळेत जाणारा मुलगा, चोपडीत आकडे लिहितो. कुणाचे बावीस किलो, कुणाचे एकतीस. वेचाई किलोवर मिळते, म्हणून त्या आकड्याकडे सगळ्या बायका डोळे लावून बसतात.

बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एका वावरात गेल्या हंगामात हे पाहत उभा होतो. पहिल्या वेचणीच्या आधी या बाजूला सीतादही करतात. पिकाला दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. तो विधी होऊन गेला होता आणि आता दुसरी वेचणी चालू होती. भाव बरा नाही म्हणता, मग कापूस थोडे दिवस घरात का ठेवत नाही, असं मी एका बाईला विचारलं. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं, "घरात ठिवला तं आंग खाजवते, दादा. इकाच लागते." कापसाच्या गंजीत किडे होतात. एका खोलीचं घर, निम्मी खोली कापसानं भरलेली आणि उरलेल्या निम्म्यात लेकरं झोपलेली. भाव वाढेपर्यंत थांबा हा सल्ला त्या खोलीत टिकत नाही.

वस्त्रोद्योगात ‘शाश्वत’ हा शब्द सध्या सगळीकडे दिसतो. महाराष्ट्र सरकारच्या २०२३ ते २०२८ च्या धोरणाचं नावच ‘एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण’ असं आहे. युरोपीय संघानं २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानं कपड्यासकट अनेक वस्तूंना डिजिटल पासपोर्ट लावण्याचा रस्ता मोकळा केला. सदरा कुठून आला, त्यात किती पाणी आणि किती ऊर्जा गेली, याची नोंद वस्तूबरोबर फिरावी, असा त्यामागचा विचार आहे. तो मला मनापासून पटतो. प्रश्न एवढाच आहे की ही नोंद कुठून सुरू होते. शेगावात राहून पाहिलं तर उत्तर स्पष्ट दिसतं. ती जिनिंगच्या फाटकापासून सुरू होते, आणि फाटकाच्या अलीकडं जे काही घडतं त्याची सरासरी काढली जाते.

जिनिंगच्या आवारात एकदा तरी जाऊन यावं. गाड्या आत येतात, ओलावा मोजला जातो, प्रत पाहिली जाते आणि कापूस गंजीवर ओतला जातो. पन्नास वावरांचा कापूस अर्ध्या दिवसात एका पांढऱ्या टेकडीत मिसळतो. त्यात कोरडवाहू वावरातला कापूस असतो आणि ओलिताचाही. चार फवारण्यांचा असतो, दहा फवारण्यांचाही. तिथून तो रोलर जिनमध्ये जातो. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुई दाबून १७० किलोची गठाण बांधतात आणि तिच्यावर क्रमांक पडतो. भारतीय कापसाची ओळख जगात व्हावी म्हणून केंद्र सरकारनं आणलेल्या ‘कस्तुरी’ नाममुद्रेत प्रत्येक गठाणीचा माग काढता येतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो माग उलट चालत गेला की त्या पांढऱ्या टेकडीशी थांबतो. टेकडीच्या मागं कोणतं वावर होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

शेगावचं आणि कापसाचं नातं रेल्वेइतकं जुनं आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती शेगावावरूनच. शेजारच्या जलंबहून खामगावला फाटा काढला, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावी आले. एका तालुक्याच्या कापूसबाजारासाठी देशाचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळी इथल्या मातीकडून काय अपेक्षा होत्या ते कळतं. शेगावातही जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. संत गजानन महाराज शेगावात प्रकट झाले ते १८७८ साली आणि समाधिस्थ झाले १९१० साली. त्यांचं इथलं सारं वास्तव्य कापसाच्या या पहिल्या तेजीच्या काळातलं आहे, हे आपण भक्तिभावात विसरून जातो.

त्या तेजीचा दुसरा हिशेब लक्ष्मण सत्या या इतिहासकारानं मांडला. वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये आलं. कापूस वाढत गेला तशी ज्वारीची जमीन गेली, गायरानं आकसली, जंगलं कमी झाली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा देशातल्या सधन म्हटल्या जाणाऱ्या या प्रांतात माणसं अन्नावाचून मेली. निर्यातीचे आकडे पाहिले तर त्याच दशकांना भरभराट म्हणावं लागतं. एकाच काळाची दोन चित्रं निघतात, कारण एक गोदीवर काढलेलं आहे आणि दुसरं वावरात.

आता पाण्याकडं वळतो, कारण कापडाच्या शाश्वततेची चर्चा बहुधा पाण्यापासूनच सुरू होते. एका सुती टी-शर्टाला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा जगभर छापला जातो आणि वाचून माणूस दचकतो. त्यात दोन अगदी वेगळी पाणी एकत्र मोजलेली आहेत, एक आभाळातून पडणारं आणि दुसरं कालव्यातून किंवा विहिरीतून उपसलेलं. विदर्भातली कपाशी बहुतांश कोरडवाहू आहे. जुलैत पडलेला पाऊस काळ्या मातीनं धरून ठेवायचा आणि त्या ओलीवर पिकानं डिसेंबरपर्यंत जगायचं. तिथं कपाशी नसती तर तूर असती, सोयाबीन असतं. पाऊस तेवढाच पडला असता. वाळवंटात नदी वळवून पिकवलेल्या कापसाचं पाणी आणि हे पाणी एका आकड्यात बसवणं म्हणजे आडातलं आणि आभाळातलं एकच मानणं झालं. मध्य आशियात अशाच वळवलेल्या नद्यांपायी अरल समुद्र आटला. शेगावच्या कपाशीनं कुठलाही समुद्र आटवलेला नाही.

तिला आटवता येण्याजोगं गोडं पाणीच मुळात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं या पट्ट्यात आहेत. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते खारं असतं. ते पिकाला दिलं तर चोपण होऊन माती दगडासारखी घट्ट बसते. गजानन महाराजांच्या चरित्रात अकोलीच्या कोरड्या विहिरीची कथा आहे. भास्कर पाटील महाराजांना पाणी द्यायचं नाकारतो आणि मग कोरड्या विहिरीला पाणी लागतं. एरवी ही चमत्कारकथा आहे. या मुलखात मात्र गोड्या पाण्याचा घोट ही देवाकडं मागायचीच वस्तू आहे, हे माहीत असलेला माणूस ती वेगळ्या कानानं ऐकतो.

कापसाच्या पुढच्या प्रक्रिया इथं का रुजल्या नाहीत, याचं एक कारणही याच पाण्यात आहे. सुती कापड रंगवायला मऊ पाणी लागतं. जड आणि क्षारयुक्त पाण्यात रंग नीट चढत नाही, डाग पडतात. आता सुतासाठी सर्रास वापरले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याला धरावेत म्हणून रंगाच्या कुंडात लिटरमागं कित्येक ग्रॅम मीठ टाकावं लागतं, आणि ते मीठ कापडात राहत नाही, सांडपाण्यातून बाहेर पडतं. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरजवळच्या नोय्यल नदीचं त्यानं काय झालं, ते २०११ मध्ये देशानं पाहिलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथली शेकडो रंगाईघरं बंद झाली. आपल्याकडं इचलकरंजीत पंचगंगा आहे. त्या गावानं २०१२ मध्ये काविळीची साथ सोसली. शेगावचा कापूस ज्या नद्यांच्या काठी रंगतो, त्या नद्यांना तो आपल्या नसलेल्या पाण्याचं ओझं देऊन येतो. म्हणून विदर्भात रंगाईचे कारखाने आणा, एवढीच मागणी करणाऱ्यांना मी विचारतो की ते खारं सांडपाणी कुठं सोडणार? ज्या जमिनीला आधीच मीठ सोसवत नाही, तिथं?

या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा तिरुप्पूरनं कोर्टाच्या धाकानं का होईना, उभी केली. पण तिचा खर्च कापडाच्या किमतीत दिसतो, आणि ती किंमत द्यायला खरेदीदार तयार नसेल तर यंत्रणा रात्री बंद राहते. पर्यावरणाचा प्रश्न इथं सरळ पैशाचा प्रश्न होतो.

पैशाचा हिशेब मांडायला मोठं गणित लागत नाही. १८० ग्रॅमचा एक टी-शर्ट घ्या. कापताना जाणारं कापड, सूत काततानाची घट, सारं धरून त्याला पाव किलोच्या आसपास रुई लागते. तेवढ्या रुईला साधारण पाऊण किलो कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका टी-शर्टातला कास्तकाराचा वाटा, पुरा हमीभाव मिळाला तरी, साठ रुपयांच्या आसपास. त्यातून वेचाई जाते. किलोला दहा रुपये धरले तर वेचणाऱ्या बाईच्या हाती सात-आठ रुपये. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण, गाडीभाडं हे सगळं उरलेल्यातून. आणि पुरा हमीभाव मिळतोच असंही नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की कापूस परत जातो. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस ओलसरच असतो, आणि पैशाची गरज नेमकी तेव्हाच असते. मग खेडा खरेदीवाला दारात येतो आणि तो म्हणेल तो भाव. २०२५ मध्ये ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे मी समजू शकतो. पण तो स्वस्तपणा कुणाच्या खिशातून आला, हे ‘शाश्वत’ धोरणाच्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं सापडत नाही.

बियाण्याची गोष्ट याच हिशेबात येते. बीटी कपाशीला देशात २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीवरचे फवारे खरोखर कमी झाले, हे मान्य केलं पाहिजे. पण आपल्याकडं बीटी आलं ते संकरित वाणांत, म्हणजे बी दरवर्षी विकत घेणं आलं. ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला २०२५ मध्ये ९०१ रुपये पडले. बोंडांचा हंगाम लांबला, तेच पीक पुढं राखून फरदड घेण्याचा मोह वाढला आणि शेंदरी बोंडअळीला वर्षभर खायला मिळालं. तिनं बीटीला दाद देणं थांबवलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं हाहाकार केला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कापडाचा पर्यावरणीय ठसा काढणाऱ्या तक्त्यात कीटकनाशकाला किलोत मोजायचा रकाना असतो. फवारणी करणाऱ्या माणसाचं नाव लिहायला जागा नसते.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथून फार लांब नाही. तिथं देशी कपाशीचे सरळ वाण निघाले, ज्यांचं बी घरचं राखता येतं. देशी कपाशी लवकर निघते आणि पावसाचा खंड सोसते. तिच्यात उणीव एकच, धागा आखूड. आजच्या गिरण्यांची यंत्रं लांब धाग्यासाठी बनलेली आहेत, त्यामुळं या मातीला मानवणारं पीक यंत्राला मानवत नाही. दीडशे वर्षांत आपण यंत्राप्रमाणं कपाशी बदलली. कपाशीप्रमाणं यंत्र बनवायचे प्रयत्न फार थोडे झाले.

त्यातल्या एका प्रयत्नाशी शेगावचं नाव फार विचित्र रीतीनं जोडलेलं आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचं नाव सेगाव होतं. त्यांच्या नावानं येणारी पत्रं नावाच्या गोंधळानं आमच्या या शेगावला येऊ लागली, कारण रेल्वेच्या नकाशावर हेच गाव होतं. अखेर १९४० मध्ये त्या खेड्याचं नाव सेवाग्राम झालं. शेगावच्या टपाल कार्यालयात चुकून येऊन पडलेल्या त्या पत्रांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांतल्या कितीतरी खादीबद्दल असणार.

गांधीजींच्या चरखा संघानं १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आज कुठल्याही शाश्वततेच्या निर्देशांकाशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. किंमत १५० रुपयांच्या वर नको. साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. ऊर्जा, टिकाऊपणा, उत्पादन, खर्च आणि चालवणाऱ्या बाईच्या अंगातली ताकद, सगळं एकाच पानावर! ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, अटी तेवढ्या कडक होत्या. १९३५ मध्ये संघानं आणखी एक निर्णय घेतला. कातणाऱ्या बाईला निदान पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महागली तरी हरकत नाही. गिऱ्हाईक कमी होईल ही भीती कार्यकर्त्यांना होती, तरीही तो निर्णय झाला.

वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचा हिशेब करत होते. लंडनला हिशेबतपासनीस म्हणून शिकलेला हा माणूस. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे त्यांचं पुस्तक १९४५ चं. जग ‘शाश्वत विकास’ हा शब्द शिकलं त्याच्या चार दशकं आधी, कापसाच्याच मुलखात, एका हिशेबनीसानं निसर्गाची तूट आणि माणसाची तूट एकाच वहीत मांडायला घेतली होती. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आणि विनोबांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या गोपुरीच्या ग्रामसेवा मंडळात ‘कापूस ते कापड’ हे काम आजही चालू आहे. त्याचा आवाका लहान आहे. या वाटेनं साऱ्या देशाला कापड पुरवता येईल असं मी म्हणणार नाही. मला हवी आहे ती त्यांची हिशेबाची रीत.

आजच्या रीतीची अडचण नुसती अपुरेपणाची नाही, विश्वासाचीही आहे. कपड्यांच्या बड्या कंपन्यांनी उचलून धरलेल्या हिग निर्देशांकाच्या आधारे केलेले दावे दिशाभूल करणारे आहेत, असं नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्ये ठरवलं. त्याआधी २०२० मध्ये सेंद्रिय कापडाला प्रमाणपत्र देणाऱ्या ‘गॉट्स’ संस्थेनंच जाहीर केलं होतं की भारतातल्या २०,००० टन कापसाची सेंद्रिय प्रमाणपत्रं बनावट निघाली. जो खरोखर बिनफवाऱ्याचा कापूस पिकवतो, त्याच्या वाट्याचं जादा मोल कागद रंगवणाऱ्यानं नेलं. प्रमाणपत्र कार्यालयात तयार होऊ शकतं तोवर हे होतच राहील.

राज्याच्या धोरणानं पाच वर्षांत राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठेला केंद्राचा मोठा वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. सूत इथंच निघालं तर शेगावची गठाण तमिळनाडूपर्यंत जाणार नाही, काही हातांना काम मिळेल. मला त्याचा आनंद आहे. पण अचलपूरची फिनले मिल कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही आणि अकोल्याच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे तर कधीच थांबले. मोठा कारखाना आला की बरकत येते, आणि तो बंद पडला की सोबत गाव घेऊन जातो. शेगावात मात्र गजानन महाराज संस्थाननं आनंद सागर उद्यानापासून भक्तनिवासापर्यंत काटेकोर व्यवस्था उभी करून दाखवलेली आहे. हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येतात, कामाची वाटणी असते आणि प्रत्येक गोष्टीची नोंद होते. नोंद ठेवायची सवय या गावाला नवी नाही.

घाटाखालच्या या तालुक्यात अजून कपाशी आहे. जिल्ह्यात इतरत्र सोयाबीननं तिला मागं टाकलं. हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात. काही चुलीत जातात, पुष्कळशा तिथंच पेटवतात, आणि संध्याकाळी धुराचा पट्टा रेल्वेमार्गापर्यंत पसरतो. त्याच पऱ्हाट्यांचं खत होऊ शकतं, इंधनाच्या कांड्या होऊ शकतात. यंत्र आणि गाडीभाडं परवडलं तर.

वेचणाऱ्या बायका निघाल्या तेव्हा त्या मुलाच्या हातातली चोपडी मी मागून पाहिली. शाळेची जुनी चौरेघी वही, मधली पानं वापरलेली. तारीख, वावराचं नाव, मग नावांची ओळ आणि पुढं किलो. कोणत्या वावरात कोणत्या दिवशी किती कापूस कुणाच्या हातानं निघाला, हे त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. साखळीतली पहिली नोंद हीच, आणि ती खरीही होती, कारण वीस बायका ती आपल्या डोळ्यांनी तपासत होत्या. हंगाम संपल्यावर या वहीचं काय करता, म्हणून मी त्याला विचारलं. मजुरी चुकती झाली की पानं फाडतात, तो म्हणाला, आणि काटा खांद्यावर टाकून आईच्या मागं चालू लागला.